मदतनीसची पावती

नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग साकोली सोडल्यावर सौंदडला येतो आणि पुढे सडक अर्जुनीकडे निघून जातो. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचं स्टेशनही या गावाला आहे. रस्ता आहे, रेल्वे आहे, पण भोंगा वाजवून पाळी बदलणारा कारखाना नाही. त्यामुळे ‘कामगार’ म्हटलं की इथल्या माणसाला गोंदियाच्या राईस मिलमधला हमाल आठवतो, नाहीतर बुटीबोरीला ठेकेदाराकडे राबणारा शेजारचा पोरगा. सकाळी घरोघर फिरून लेकरं गोळा करणारी, अंगणवाडी झाडणारी, पाणी भरणारी, ताटं वाढणारी मदतनीस कुणाला आठवत नाही. सरकारच्या हिशेबातही ती कामगार नाही. तिला पगार नसतो, मानधन असतं.

खाली बोलणारी दोन माणसं मी जुळवून घेतली आहेत, पण त्यांची वाक्यं या भागात ज्याला कान आहेत त्याला ऐकू येतात. एक काकाजी. पंचाहत्तरीचे, रेल्वेच्या गँगमध्ये हातोडा आणि पाना घेऊन उमेदवारी केलेले, ट्रॅकमन म्हणून निवृत्त झालेले. दुसरी त्यांच्या पुतण्याची बायको, अंगणवाडीची मदतनीस. सून सासऱ्याशी, मग तो चुलत का असेना, तोंडावर वाद घालत नाही असं म्हणतात. जे असं म्हणतात ते रोवणीच्या दिवसांत कधी बांधावर उभे राहिलेले नसतात. दोघांची बोली मी थोडी सौम्य केली आहे, वाद केलेला नाही.

निमित्त साधं होतं. तालुक्याहून संघटनेच्या बाई वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन येऊन गेल्या, आणि हिनं पावती फाडली नाही.

काकाजी : पैसे नव्हते का, बाई? माझ्याजवळ मागायचे होते.

सूनबाई : पैसे होते जी. मन नव्हतं.

काकाजी : वर्षाची वर्गणी ती. एका दिवसाच्या रोवणीत निघते.

सूनबाई : वर्गणीचं नका सांगू काकाजी, मले २०२३च्या डिसेंबरचं सांगा. ४ तारखेले संपावर बसलो, २५ जानेवारीले उठलो. तेव्हा मदतनीसचं मानधन ५,५०० होतं. तितके दिवस तेबी हातात नाही. वरून कामावर या, नाहीतर काढून टाकू, अशा नोटिसा. आमच्या सेविकाबाईच्या घरी पंधरा एकर धान आहे. तिले संप परवडते. माझ्या घरी तुमचा पुतण्या ट्रॅक्टरवर रोजीनं जाते, तुमाले माहीत आहे.

काकाजी : आम्हीबी बसलो होतो. ८ मे १९७४. सतरा लाख रेल्वेवाले. तेव्हा ही लाइन नॅरोगेज होती अन् मी चोवीस वर्षांचा कॅज्युअल. कायम नोकरीवाल्याले निदान नोटीस आली, क्वार्टर खाली करा म्हणून पोलीस आले. कॅज्युअलले काय, ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच. २७ मेले संप मागे घेतला. हातात शून्य.

सूनबाई : मग?

काकाजी : मग १९७७मध्ये सरकार बदललं अन् काढलेले लोक परत घेतले. संपातली एक मागणी बोनसची होती. तो बोनस १९७९मध्ये मिळाला. आजबी दसऱ्याच्या तोंडावर रेल्वेवाल्याच्या खात्यात जमा होते ना, तोच. अन् प्रोजेक्टवरच्या कॅज्युअल मजुरांले टप्प्याटप्प्यानं कायम करा, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९८५चा. त्यात माझा नंबर लागला. आज पेन्शन घेऊन राहिलो.

सूनबाई : म्हणजे १९७४ ते १९८५. अकरा वर्षं चूल कशावर पेटवली?

काकाजी : तुझ्या काकीनं पेटवली. तेंदूपत्ता तोडून, मजुरी करून.

सूनबाई : मग पेन्शन काकीची म्हणा.

काकाजी यावर हसले असते, आणि मी त्यांना हसू देतो, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संघटनेचे पुरस्कर्ते नेहमी जिंकलेल्या सालातून बोलतात. किंमत मात्र संपाच्या सालात मोजलेली असते, आणि मोजणारं माणूस बहुतेक वेळा दुसरंच असतं. १९८२च्या मुंबईच्या गिरणी संपाबद्दल आपण डॉ. दत्ता सामंतांची बाजू घेतो किंवा मालकांना दोष देतो. अडीच लाख कामगारांच्या घरांत त्या दोन वर्षांत कुणाची मंगळसूत्रं गहाण पडली, याची नोंद कुठल्याही संघटनेच्या अहवालात सापडणार नाही. मदतनीस हा हिशेब विचारते तेव्हा ती भित्री नसते. तिच्या घरात तो हिशेब तिलाच ठेवावा लागतो.

काकाजी : पण संपाचं फळ मिळालं की नाही तुमाले?

सूनबाई : संपाचं? जानेवारीत उठलो तेव्हा पदरात काय होतं? ग्रॅच्युइटीचा प्रस्ताव पाठवू, पेन्शनचं पाहू. आश्वासन. मानधन वाढलं ते ऑक्टोबर २०२४मध्ये, अन् नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक. मधल्या काळात लाडकी बहीणचे अर्ज कोणी भरले? आमच्याच सेविकांनी. तेव्हा सरकारले अंगणवाडी आठवली. मतानं दिलं काकाजी, लाल बावट्यानं नाही.

काकाजी : मत तर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईलेबी आहे. तिचे १,५००चे २,५०० झाले २०२३मध्ये, अन् तेबी वर्षातले दहाच महिने. निवडणूक तिच्यासाठी नव्हती का?

सूनबाई : तिचीबी संघटना आहे.

काकाजी : आहे, पण तितकी मोठी नाही. एका शाळेत एक-दोन बाया. त्या बसल्या तर मुख्याध्यापक दुसरी बाई आणते. तुमच्या दोन लाख बाया राज्यात एका दिवशी कुलूप लावतात तेव्हा मंत्रालयात फोन वाजते. निवडणूक सर्वांसाठीच येते बाई. ज्याचा आवाज आधी ऐकलेला असते, त्याचंच नाव यादीत चढते.

इथे दोघांमध्ये पंच म्हणून उभं राहायचं तर आकडे मांडायला हवेत. सप्टेंबर २०१७मध्ये अंगणवाडीच्या बायका जवळपास महिनाभर संपावर होत्या. त्यानंतर सेविकेचं मानधन ५,००० वरून ६,५०० झालं, मदतनीसचं २,५०० वरून ३,५००. पुढच्या वर्षी केंद्रानं आपला वाटा वाढवला. त्याच्या तोंडावर मोठा संप नव्हता, पण लोकसभेची निवडणूक समोर होती, म्हणजे इथे सूनबाईचं म्हणणं खरं. फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा संप, आणि एप्रिलपासून सेविकेला १०,०००, मदतनीसला ५,५००. मग तो लांबलेला हिवाळी संप, आणि २०२४च्या ऑक्टोबरात मूळ मानधन सेविकेला १३,०००, मदतनीसला ७,५००. वर कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता. आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविकांचीही गोष्ट हीच आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये संप केला, आश्वासन मिळालं, जीआर निघेना, जानेवारीत परत बसल्या, तेव्हा मार्चमध्ये ५,०००च्या वाढीचा जीआर निघाला. निवडणूक दार उघडते हे खरं. पण दाराशी रांगेत आधी कोण उभं होतं, त्यावर कुणाला काय मिळतं ते ठरत आलं आहे.

याच आकड्यांच्या मागे सरकारचं एक कोडं उभं आहे. सुप्रीम कोर्टानं २००६मध्ये सांगितलं की अंगणवाडी कर्मचारी सरकारी पदावर नाहीत. मार्च २०१८मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याच सेवेला अत्यावश्यक ठरवून संपबंदीचा ‘मेस्मा’ कायदा लावला, विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती दिली. म्हणजे पगार मागितला तर तुम्ही कर्मचारी नाही, आणि काम थांबवलं तर तुमच्यावाचून राज्य चालत नाही. माझ्या मते संघटनेच्या बाजूचा सगळ्यात चांगला युक्तिवाद कुणा पुढाऱ्यानं केलेला नाही, तो सरकारनं त्या मार्च महिन्यात केला.

सूनबाई : माझ्या आईचं तुमाले माहीत आहे. तिनं सारी उमर विड्या वळल्या. तिच्या गावातबी लाल बावटा होता, हजारी विडीचा भाव वाढवा म्हणून. भाव वाढला. मग मालकानं काम दुसऱ्या मुलखात नेलं. आता आईच्या हातात विडी कामगाराचं कार्ड आहे अन् विडी नाही.

काकाजी : विडी लोकांनी प्यायचीबी कमी केली.

सूनबाई : ते झालं. पण काम निघून गेलं ना?

हिच्या आईच्या गावात काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण विडीचा धंदा असाच चालतो. त्याला यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. पत्ता, तंबाखू, सूत आणि बोटं असली की झालं, त्यामुळे मजुरी जिथे कमी तिथे तो रात्रीतून पोचतो. १९६६मध्ये विडी कामगारांसाठी कायदा झाला. केरळनं तो अमलात आणायचं ठरवलं तेव्हा १९६८मध्ये गणेश विडीनं कन्नूरमधलं काम बंद केलं आणि हजारो हात रिकामे झाले. तिथल्या कामगारांनी पुढच्याच वर्षी दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी केली आणि ती कित्येक वर्षं चालवून दाखवली. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे विडीनं काही घराण्यांना राजकारणापर्यंत नेलं, वळणाऱ्यांची सहकारी संस्था मात्र त्या तोडीची झाली नाही. असो, तो वेगळा लेख होईल.

या प्रश्नात मात्र एक फरक आहे आणि तो सूनबाईच्या नजरेतून सुटला. विडीचा कारखाना हलवता येतो. सौंदडची अंगणवाडी छत्तीसगडला नेता येत नाही. जिथे लेकरं तिथेच ती भरणार. कमी पगाराच्या कामगारानं संघटनेत जावं की नाही, याचं एकच उत्तर सगळ्यांना देणारे लोक हा फरक पाहत नाहीत. ज्याचं काम उचलून नेता येतं त्याला संघटना गावापुरती ठेवून चालत नाही, ती काम जाईल तिथवर पसरावी लागते. ज्याचं काम जागेला बांधलेलं आहे, त्याच्या हातात मुळातच जास्त जोर असतो. सरकार अंगणवाडी हलवू शकत नाही, फार तर बाई बदलू शकतं. जानेवारी २०२४च्या नोटिसा नेमक्या त्यासाठीच होत्या.

आता सूनबाईची खरी तक्रार. ती इतका वेळ मागे होती, कारण ती सासऱ्याविरुद्ध नाही आणि सरकारविरुद्धही नाही.

सूनबाई : मोर्च्यात बॅनर कोणाच्या हातात असते? सेविकेच्या. भाषण कोण करते? सेविका, नाहीतर शहरातला पुढारी. नागपूरले यशवंत स्टेडियमवर हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्यात आम्ही मागे, पाण्याच्या बाटल्या अन् डबे धरून. तिथंबी मदतनीसच.

काकाजी : अगं, पण मागणी तर दोघींची.

सूनबाई : मागणी दोघींची, मग वाढ काहून सारखी नाही? २०१७च्या आधी तिच्यात अन् माझ्यात अडीच हजारांचा फरक होता. मग तीन हजार झाला. मग साडेचार. आता साडेपाच. दर संपात आम्ही सोबत बसलो अन् दर संपानंतर ती पुढे गेली.

हिशेब बरोबर आहे. टक्क्यांत पाहिलं तर उलटं दिसतं. सेविकेच्या निम्म्यावर असलेली मदतनीस आज ५७ टक्क्यांच्या वर आली आहे, आणि संघटनेचा कार्यकर्ता हे तिला समजावूनही सांगेल. पण किराणा दुकानात टक्के चालत नाहीत. शिवाय निवृत्त होताना सेविकेला एकरकमी १ लाख आणि मदतनीसला ७५,००० हा भेद कुठल्या टक्क्यात बसवायचा? जबाबदारी वेगळी, नोंदवह्या सेविकेच्या, मोबाईल सेविकेचा, हे खरं आहे. तो मोबाईलही कसला: २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते निकामी फोन सरकारला परत केले होते. पण लेकराची शी धुवायला वाकणारी कंबर मदतनीसची असते, आणि त्या कामाची नोंदवही नसते.

सूनबाई : १४ एप्रिलच्या जयंतीच्या भाषणात मी ऐकलं. बाबासाहेबांनीच १९२९च्या गिरणी संपाले विरोध केला होता. खोटं आहे का?

काकाजी : खरं आहे. पण काहून केला?

सूनबाई : विणाई खात्यात आपल्या लोकांले घेत नव्हते म्हणून. तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, अन् विटाळ होते म्हणे. त्या खात्यात मजुरी जास्त. युनियनवाले मालकाशी भांडत होते, पण याच्यावर बोलत नव्हते.

काकाजी : १९२८मध्ये बाबासाहेबांनी त्यांले सांगितलं, ही मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक संपात नाहीत. तेव्हा कुरकुरत घेतली. अन् पुढचं तुझ्या वक्त्यानं सांगितलं की नाही? १९३८. औद्योगिक कलहाचं बिल आलं, संपाचा हक्क बांधून टाकणारं. तेव्हा ७ नोव्हेंबरले त्याच कम्युनिस्टांसोबत बाबासाहेब संपात उतरले. संप करणं हा माणसाचा स्वातंत्र्याचा हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. मग मजूर मंत्री झाले तेव्हा १९४३मध्ये त्यांनी बिल आणलं, मालकानं युनियनले मान्यता दिलीच पाहिजे म्हणून.

सूनबाई : म्हणजे आधी आपली मागणी, मग सोबत.

काकाजी : (जरा थांबून) असंबी म्हणता येते.

काकाजींना इथे माघार घ्यावी लागली, आणि ती त्यांनी घ्यायलाच हवी होती. बाबासाहेबांचं नाव दोन्ही बाजू वापरतात, कारण दोन्ही बाजूंना पुरेल इतकं त्यांनी करून ठेवलं आहे. ज्या भंडारा मतदारसंघानं त्यांना १९५४च्या पोटनिवडणुकीत पाडलं, त्याच जुन्या भंडारा जिल्ह्यातला हा मुलूख. १९९९मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, इतकंच.

मग काकाजींनी डाव बदलला.

काकाजी : अंगणवाडीत लागायच्या आधी तू रोवणीच्या गँगमध्ये होती ना?

सूनबाई : होती. अजूनबी रविवारी जाते.

काकाजी : भाव कोण ठरवते?

सूनबाई : आम्हीच. एकराचा हुंडा, म्हणजे उक्ता भाव, ठरते. आषाढात पहिली बांधी लागायच्या आधी.

काकाजी : अन् एखादी कमी भावात गेली तर?

सूनबाई : कोण जाईल? पुढच्या वर्षी तिले गँगमध्ये कोण घेईल?

काकाजी : मग हे काय आहे? पावती नाही, बावटा नाही, एवढाच फरक. संघटना तू सासरी आल्यापासून करून राहिली, अन् मले विचारून राहिली संघटना काहून करू.

हा डाव चांगला होता. पण सूनबाई चिखलात उभी राहिलेली बाई, तिला गँगचं गणित काकाजींपेक्षा जास्त कळतं.

सूनबाई : सारखं नाही जी. ऐका. पऱ्हे एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले की ते थांबत नाहीत. पाणी आलं, चिखलणी झाली, अन् आम्ही नाही गेलो तर पऱ्हे म्हातारे होतात. नुकसान शेतकऱ्याचं होते, म्हणून तो भाव देते. अंगणवाडीले कुलूप लावलं तर सरकारचं काय पिवळं पडते? माझ्या वस्तीतल्या लेकराचं पोट रिकामं राहते. पन्नास दिवस ज्या बायांनी मले विचारलं ना, ‘बाई, केव्हा उघडते?’ त्या बाया मजुरीले जाणाऱ्या. त्यांचं लेकरू शेताच्या धुऱ्यावर होतं, थंडीत. मंत्र्याचं नव्हतं.

काकाजी : ...

सूनबाई : अन् दुसरं. गँग जिच्या नावानं आहे ती बाई आमच्यासोबत वाकून रोवते. हुंड्याचे पैसे आले की त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून वाटा होते, सर्वांच्या डोळ्यासमोर. वर्गणीचा वाटा मी कधी पाहिला नाही.

काकाजी गप्प राहिले ते त्यांना उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. रेल्वे थांबली की कोळसा अडतो, कारखाने अडतात, दिल्ली हलते. ट्रॅकमनला आपल्या संपाचा चटका गरिबाच्या ताटाला बसताना पाहावा लागत नाही. ज्यांचं काम माणसांना सांभाळण्याचं आहे, अंगणवाडी असो, दवाखाना असो, शाळा असो, त्यांच्या संपाचा पहिला फटका मालकाला न बसता त्यांच्याचसारख्या कुणाला तरी बसतो. संघटनेच्या भाषणांत हा प्रश्न टाळला जातो. तो टाळून मदतनीसला सभासद करता येणार नाही, कारण ती रोज त्याच गल्लीतून पाणी भरते.

काकाजी : तू म्हणते ते खरं आहे. पण एक सांग. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ची. पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षं तुमाले मानधनावर ठेवलं ते काय सांगून? लेकराचं पोट दाखवूनच ना? आईच्या मायेचं काम आहे, सेवा आहे, पैसा काय मागता. माझी गँग कधी मायेनं रूळ ठोकत नव्हती, म्हणून आमाले पगार होता. २०१३मध्ये दिल्लीत श्रम परिषद बसली, सरकार, मालक अन् कामगार तिघं मिळून म्हणाले की अशा योजनांतल्या बाया कामगार आहेत, त्यांले किमान वेतन द्या. दिलं का? २०२२मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या बायांच्या खटल्यात ग्रॅच्युइटीचा हक्क सांगितला. आपल्या राज्यात तीच मागणी घेऊन तुमाले दीड वर्षानं संपात बसावं लागलं. कागद आपल्या पायानं चालत नाही बाई. त्याले कोणीतरी उचलून न्यावं लागते.

सूनबाई : तर न्या ना. नेऊ नका असं मी म्हटलं नाही. हमालांनी कसं केलं ते तुम्हीच सांगितलं होतं मागे.

काकाजी : माथाडीचं? हो. हमालाले एक मालक नसते, आज या गोदामात, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत त्यांले बांधलं अन् १९६९मध्ये कायदा करून घेतला. मालक ठरत नाही ना, मग मंडळ काढा, सर्व व्यापाऱ्यांनी त्यात पैसे भरा, हमालाले भविष्य निर्वाह निधी त्यातून. संप रोज नाही करावा लागत मग. एकदा रचना केली की ती चालते.

सूनबाई : हे पाहा. हे मले समजते. संप म्हणजे शेवटची वस्तू. त्याच्या आधी काय करता ते मले कोणी सांगत नाही. दोन संपांच्या मध्ये संघटना कुठं असते? माझं मानधन दोन महिने उशिरा येते तेव्हा कुठं असते? बसायचं असेल तेव्हा फोन येते, अन् पावती फाडायची असेल तेव्हा.

मला विचाराल तर पावती फाडावी याच मताचा मी आहे. एकट्या मदतनीसच्या अर्जाला प्रकल्प कार्यालयात काय किंमत असते ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. पण सूनबाईचा हा शेवटचा प्रश्न कुठल्याही मोर्च्यापेक्षा मोठा आहे. उशिरा आलेल्या मानधनाचा अर्ज, रजेचा वाद, निवृत्त झालेल्या बाईचे अडकलेले पैसे, बढतीच्या यादीतलं गाळलेलं नाव: ही किरकोळ, कंटाळवाणी, फोटो न निघणारी कामं जी संघटना करते तिच्या हाकेला बायका पन्नास दिवस उपाशी बसतात. जी करत नाही तिच्या सभेला त्या एकमेकींची तोंडं पाहत जातात. कष्टकऱ्यांची जी संघटना टिकलेली दिसते ती बहुधा असल्या कामांवर टिकलेली असते, घोषणांवर नाही.

काकाजी : मग काय करायचं ठरवलं? बाई परत येणार आहे पावतीपुस्तक घेऊन.

सूनबाई : येऊ द्या. मी एकटी नाही बोलणार. आजूबाजूच्या गावांतल्या मदतनीस बोलावते. तीन गोष्टी विचारतो. गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब वाचून दाखवा. तालुक्याच्या कमिटीत मदतनीस घ्या, नुसती नावाले नाही, सही करणारी. अन् पुढच्या वेळी संपात बसायचं की नाही, किती दिवस बसायचं, हे मदतनीसांले वेगळं विचारा, कारण चूल आमची आधी विझते.

काकाजी : विचारा. विचारायलाच पाहिजे. आमच्या वेळी गँगमनले कोणी काही विचारलं नाही.

सूनबाई : अन् लेकरांचं. संप झाला तर दुपारचं ताट कसं चालू ठेवायचं ते आधी ठरवा. आम्ही मोर्च्यात जाऊ, पण पाळीनं. एक गट मोर्च्यात, एक गट चुलीवर. हजेरीवर सही नाही करणार, पण लेकरू उपाशी नाही ठेवणार.

काकाजी : पुढारी म्हणेल, त्यानं संप ढिला पडते.

सूनबाई : पुढाऱ्याले म्हणा, एक दिवस माझ्या वस्तीत ये अन् त्या बायांले तूच सांग.

काकाजी : अन् नाही ऐकलं तर? पावती नाही फाडायची?

सूनबाई : तुम्हीच सांगत होते ना, सात माणसं सही करतात अन् युनियनची नोंदणी होते?

काकाजी : तो १९२६चा कायदा. २००१मध्ये दुरुस्ती झाली. अर्ज सातांचा चालते, पण सभासद कामगारांच्या दहा टक्के नाहीतर शंभर, यातलं जे कमी ते लागते. नव्या कामगार संहितेतबी तेच ठेवलं आहे. अन् मी म्हणतो वेगळी चूल मांडू नका बाई. आधीच लाल बावट्याचे इतके तुकडे आहेत की एका मागणीसाठी कृती समिती करावी लागते.

सूनबाई : मांडायची नाहीच जी. पण मांडू शकतो, हे त्यांले माहीत असू द्या. शंभर म्हणाले ना? सडक अर्जुनी तालुक्यात मदतनीस किती आहेत, ते उद्या मोजायला घेते.